मोटारींतील वीज आणि मेस्त्रीचा शब्द

ज्या वस्तूचें अंतरंग आपणांस कळत नाहीं ती दुरुस्तीसाठीं दुसऱ्याच्या हातीं सोंपविण्याचा प्रसंग प्रत्येक गृहस्थावर येतो. घड्याळ थांबतें, पंखा कुरकुरतो, मोटार दारांत उभी असतां जागची हलत नाहीं. कारागीर येतो, कांहीं उघडतो, कांहीं बदलतो, आणि एक रक्कम सांगतो. ती रक्कम आपण कामाची देतों कीं त्याच्या शब्दाची देतों, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. मलाहि तो पडला नसता. परंतु गेल्या पावसाळ्यांत माझ्या लहानशा मोटारीनें तो मजपुढें उभा केला, आणि माझ्या हातून एक अशी गोष्ट घडली कीं तिची रुखरुख अद्याप गेलेली नाहीं.

हकीकत अशी. माझें घर आणि कॉलेज यांत अंतर फार नसल्यामुळें मी पायींच जातों. मोटार आठवड्यांतून एक-दोन वेळां बाहेर पडते. एके सकाळीं किल्ली फिरविली तों सेल्फनें नुसती 'टक्' म्हणून कुरकुर केली. बऱ्याच वर्षांच्या परिचयाचे एक मेस्त्री आले, त्यांनीं मीटर लावून पाहिलें आणि 'बॅटरी गेली' असा निकाल दिला. नवी बॅटरी बसली. गाडी सुरू झाली. चार दिवसांनीं पुन्हां तीच 'टक्'. या वेळीं डायनामो उतरविला गेला (आजच्या गाड्यांत असतो तो वास्तविक अल्टरनेटर, पण मेस्त्रीमंडळी जुनेंच नांव चालवितात), त्यांतील कार्बन व रेग्युलेटर बदलले, आणि गाडी पुन्हां सुरू झाली. पांचव्या दिवशीं ती पुन्हां मुकी. काढलेली जुनी बॅटरी मीं घरींच ठेविली होती. ती दुसऱ्या एका दुकानांत नेऊन दाखविली. त्या गृहस्थांनीं ती रात्रभर चार्जिंगला लावली, दुसऱ्या दिवशीं तपासली, आणि हिच्यांत कांहींहि दोष नाहीं म्हणून सांगितलें. तें ऐकतांच माझ्या मनांतील संशयाला पुरावा मिळाला असें मला वाटलें. मी तडक मेस्त्रींच्या दुकानीं गेलों आणि चार गिऱ्हाइकें व दोन शिकाऊ पोरें यांच्या देखत त्यांस जें बोलायचें तें बोललों. मेस्त्री उलट कांहीं बोलले नाहींत. फडक्याला हात पुसून ते पुन्हां आपल्या कामास लागले.

घरीं परत आल्यावर राग ओसरला आणि अध्यापकाची जुनी खोड जागी झाली. कारागिरावरील हा संशय आपल्या काळाचा कीं मुळापासूनचा? आणि मोटारींत वीज शिरल्यानें त्यांत कांहीं निराळें झालें काय? या प्रश्नांचा मागोवा घेतां घेतां जें हातीं लागलें तें वाचकांपुढें मांडीत आहें.

संशय जुना आहे, हें पहिल्याच पावलास कळतें. १९०९ सालीं आर. शामशास्त्री यांनीं म्हैसुरांत कौटिलीय अर्थशास्त्र छापून प्रसिद्ध केलें, तेव्हां राजनीतीच्या या ग्रंथांत धोबी, विणकर आणि सोनार यांच्याविषयींचे इतके बारीक नियम पाहून पुष्कळांस आश्चर्य वाटलें. चौथें अधिकरण 'कंटकशोधन' या नांवाचें आहे, म्हणजे प्रजेस टोंचणारे कांटे शोधून काढण्याचें. आणि त्याचा आरंभच कारागिरांपासून लोकांचें रक्षण कसें करावें येथून होतो. काम कोठें, किती वेळांत आणि कोणत्या प्रकारचें करावयाचें हें आधीं ठरलेलें असावें. मुदत टळली तर मजुरीचा चतुर्थांश कापावा आणि त्याच्या दुप्पट दंड घ्यावा. सांगितलें एक आणि केलें भलतेंच, तर सर्व मजुरी बुडून वर तिच्या दुप्पट दंड. सोनाराविषयीं तर दुसऱ्या अधिकरणांत चोरीच्या पांच रीति सांगितल्या आहेत. त्यांत तराजूची लबाडी आहे, धातूची अदलाबदल आहे, आणि पत्र्याखालीं हलका धातु झांकून देणेंहि आहे.

त्याच अध्यायांत पुढें वैद्य येतो, आणि तेथें ग्रंथकाराची दृष्टि अधिक सूक्ष्म होते. प्राणांस धोका आहे हें आधीं न कळवितां उपचार केले व रोगी दगावला, हा एक अपराध. उपचाराच्या चुकीनें दगावला, हा दुसरा. आणि दोहोंचे दंड वेगवेगळे. म्हणजे 'सांगितलें नाहीं' आणि 'जमलें नाहीं' या दोन गोष्टी भिन्न आहेत, हें त्यास ठाऊक होतें. रोमन कायदेपंडित गायस यानें इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत यापुढें जाऊन असें मत दिलें कीं, जो एखाद्या कामाचा जाणता म्हणून पुढें येतो त्याचें अकौशल्य हाहि दोषच धरावा. मला येत नव्हतें, ही सबब कारागिरास चालावयाची नाहीं.

मात्र या सर्व नियमांमागें एक गृहीत आहे. वस्तु डोळ्यांस दिसते, हातास लागते, आणि तिची परीक्षा तिसऱ्या माणसाला करतां येते. सोनें कसोटीवर घांसतां येतें, तागडींत घालतां येतें. वस्त्र कमी विणलें असेल तर हातानें मोजतां येतें. गिऱ्हाइकास कला येत नसली तरी त्याच्यापाशीं कसोटी होती. वाहनाचेंहि तसेंच होतें. बैलगाडीचा आंस मोडला तर मोडलेला आंस समोर दिसतो. सुतारानें नवा घातला कीं जुनाच ठोकून दिला हें गाडीवानास सांगावें लागत नाहीं. टांग्याची धांव सैल झाली तर ती रस्त्यावर वाजते. लोहार लबाड असूं शकेल. पण त्याची लबाडी उन्हांत उघडी असे.

विजेनें हें उन्ह काढून घेतलें. कार्ल बेंझ यानें २९ जानेवारी १८८६ रोजीं आपल्या तीनचाकी गाडीच्या पेटंटसाठीं अर्ज केला, त्या पहिल्या गाडींतच बॅटरी व कॉइल यांच्या साह्यानें ठिणगी पाडून वायु पेटविण्याची योजना होती. डाइम्लरनें त्याच सुमारास लाल तापविलेली नळी वापरून विजेस टाळलें; बेंझनें तिला जवळ केलें आणि तिचा त्रासहि सोसला. इंधन वेळेवर पेटविणें हीच सगळ्यांत बिकट अडचण, असें त्याचें स्वतःचें म्हणणें होतें. १८८८ च्या ऑगस्टमध्यें त्याची पत्नी बर्था ही दोन मुलग्यांसह मानहाइमहून फॉर्झहाइमपर्यंत सुमारें १०० किलोमीटर ती गाडी घेऊन गेली. वाटेंत इंधनाची नळी तुंबली ती तिनें टोपीच्या टांचणीनें मोकळी केली, आणि ठिणगीच्या तारेचें आवरण झिजलें होतें तेथें आपल्या पायमोज्याचा बंद गुंडाळला, अशी हकीकत सांगतात. मोटारीच्या पहिल्या लांब प्रवासांतच विजेचा बिघाड झाला, आणि तो मालकिणीनें स्वतः शोधून स्वतः दुरुस्त केला! वाहनाच्या इतिहासांत हें भाग्य फार दिवस टिकावयाचें नव्हतें.

पुढील पंचवीस वर्षांत वीज गाडीच्या अंगोपांगांत शिरली. १८९७ सालीं रॉबर्ट बॉश यानें मोटारीच्या एंजिनास मॅग्नेटो जोडला. १९०२ सालीं त्याच्याच कारखान्यांतील गॉटलोब होनोल्ड यानें उच्च दाबाचा मॅग्नेटो व त्याबरोबरचा ठिणगीचा प्लग सिद्ध केला. दिवे मात्र तोंवर कार्बाइडच्या वायूचे असत, आणि एंजिन सुरू करण्यास समोर उभें राहून हँडल मारावें लागे. हँडल उलटें फिरलें कीं मनगट मोडे. १९१२ च्या कॅडिलॅक गाडींत चार्ल्स केटरिंग यानें विजेचा सेल्फ-स्टार्टर बसविला. ठिणगी, दिवे आणि सेल्फ या तिन्हींचा संसार एका बॅटरीवर व एका डायनामोवर चालूं लागला. मनगटें वांचलीं, हा उपकार लहान नव्हे. पण त्याबरोबर गाडीच्या अंगांत तारांचें जाळें पसरलें. तांबें वांचविण्यासाठीं बहुतेक कारखानदारांनीं दोन तारांच्या जागीं एकच ठेविली आणि परतीची वाट गाडीच्या लोखंडी सांगाड्यांतून काढली. यासच मेस्त्री 'बॉडी अर्थ' म्हणतात. या युक्तीनें खर्च कमी झाला, पण सांगाड्याचा प्रत्येक गंजलेला सांधा हा विजेच्या वाटेंतील एक चोर झाला. ब्रेक दाबला असतां इंडिकेटर मंद व्हावा, किंवा पाऊस पडला कीं हॉर्न बसावा, असे चमत्कार घडूं लागले. कारण एका कोपऱ्यांत आणि लक्षण दुसऱ्या कोपऱ्यांत! कौटिल्याच्या तराजूस येथें कांहीं धरतां येण्यासारखें उरलें नाहीं.

आतां आपल्या कोल्हापुराकडे वळूं. आगगाडी येथें १८९१ सालीं आली आणि राजर्षि शाहू महाराज १८९४ सालीं गादीवर बसले. त्यांनीं गुळाची पेठ वसविली, कापडाची गिरणी उभारली, राधानगरीच्या धरणास हात घातला. आणि हातांत कसब असलेल्या माणसास जात न विचारतां पुढें आणण्याची दृष्टि संस्थानास दिली. ज्या काळीं अस्पृश्य मानलेल्या माणसाची सावलीहि वर्ज्य होती, त्या काळीं महाराजांनीं त्या समाजांतील माणसें माहूत, कोचमन आणि मोटारचालक म्हणून आपल्या सेवेंत घेतलीं. ज्याच्या हातीं आपला जीव द्यावयाचा त्यावर विश्वास ठेवणें म्हणजे काय, याचें याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाहीं.

त्याच हवेंत यंत्राचा नादहि या गांवास लागला. बाबूराव पेंटर हे मुळांत रंग आणि कुंचला यांचे धनी. पण त्यांनीं चुलत बंधु आनंदराव यांच्या संगतींत चित्रपटाच्या यंत्रांचा ध्यास घेतला. १९१६ सालीं आनंदराव वारले. तरी बाबूरावांनीं दामले यांच्या साह्यानें १९१८ पर्यंत स्वदेशी कॅमेरा तयार केला, आणि १९२० सालीं 'सैरंध्री' पडद्यावर आली. गांवांतील यंत्रोद्योगाच्या आरंभींच्या पुरुषांत म्हादबा मेस्त्री आणि वाय. पी. पोवार यांचीं नांवें आजहि आदरानें घेतलीं जातात. पुढें शिवाजी उद्यमनगरांत लेथ, ओतकाम आणि ऑइल एंजिनें यांचा जो पसारा वाढला त्याची जात हीच: पुस्तक नंतर, हात आधीं. बाहेरून आणलेली वस्तु उघडावयाची, तिचा भाग मापावयाचा, आणि तसाच भाग येथें घडवावयाचा.

अशा गांवांत मेस्त्रीच्या शब्दाला किंमत कां आली हें समजणें अवघड नाहीं. जो माणूस मोडलेला भाग स्वतः घडवितो त्यास भाग कां मोडला हें कळलेलें असतें. शिवाय तो पेठेंतला असतो. ज्याची गाडी त्यानें बिघडविली त्याची गांठ त्यास तालमींत, देवळांत, लग्नाच्या मांडवांत पडणारच. दुसऱ्या महायुद्धांत पेट्रोलवर नियंत्रण आलें, तेव्हां कोळशाच्या वायूवर चालणाऱ्या सर्व्हिस मोटारी मागें भट्टी घेऊन धुरकट अंगानें घाट चढत. चालक आणि क्लीनर हेच त्यांचे वैद्य. १ जून १९४८ रोजीं पुणें-अहमदनगर मार्गावर सरकारी एस. टी. सुरू झाली आणि १ मार्च १९४९ रोजीं कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें, त्यानंतर हळूहळू ती पिढी ओसरली. राजाराम महाराजांच्या काळांतील जर्मन बनावटीची मेबॅक गाडी आजहि दसऱ्याच्या सोहळ्यांत रस्त्यावर येते. तिला पाहून लोक छत्रपतींच्या वैभवाचें स्मरण करतात, आणि तें योग्यच आहे. मला मात्र त्या वेळीं, इतकीं वर्षें तिच्या तारा, दिवे आणि ठिणगी ज्यांनीं जागतीं ठेविलीं त्या हातांची आठवण येते.

त्या जुन्या गाड्यांत मालकासाठीं आणखी एक सोय असे, आणि ती आपण कशी गमावली हें पाहण्यासारखें आहे. चालकासमोरच्या फळीवर अँपिअरमापक असे. कांटा एका बाजूस कलला तर बॅटरींत वीज भरत आहे, दुसऱ्या बाजूस कलला तर ती खर्च होत आहे, हें शाळेंतल्या मुलासहि दिसे. महायुद्धांतील विलीज जीपमध्यें हा कांटा होता. १९४७ पासून महिंद्रांनीं जी जीप आपल्याकडे आणली ती याच वंशाची. कालांतरानें बहुतेक खासगी गाड्यांतून हा मापक गेला आणि त्याच्या जागीं एक तांबडा दिवा आला. कांटा प्रमाण सांगत असे. दिवा नुसता ओरडतो, आणि तोहि बहुधा उशिरा. मालकाच्या बाजूचा जो एक साक्षीदार गाडींत बसलेला होता त्यास आपण फळी सुबक दिसावी म्हणून खालीं उतरविलें.

साक्षीदार नसला म्हणजे काय होतें याचा एक प्रसिद्ध प्रयोग अमेरिकेंत झाला. १९४१ सालीं रीडर्स डायजेस्ट या मासिकाच्या वतीनें कांहीं शोधक अठ्ठेचाळीस संस्थानांतून मोटार घेऊन हिंडले. गाडी चांगली होती; दुकानांत शिरण्यापूर्वीं ते कॉइलची एक तार मुद्दाम सोडवून ठेवीत. उघड्या डोळ्यांस दिसणारा, क्षणांत जोडतां येणारा हा दोष ३४७ गॅरेजांस दाखविला. शंभरांत ६३ ठिकाणीं त्यांना फसविण्यांत आलें: नको ते भाग बदलले, न केलेल्या कामाचे पैसे लावले, किंवा भलतेंच निदान सांगितलें. पुढें यावर रीस आणि पॅट्रिक यांचें पुस्तक निघालें, आणि मोटारदुरुस्तीच्या लबाडीविषयीं बोलतांना विद्वान् अद्यापि या आंकड्याचा आधार घेतात.

आंकडा धक्का देणारा आहे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकानें येथें किंचित् थांबावें. शोधक हे परगांवचे प्रवासी होते. ज्याचें तोंड पुन्हां दिसणार नाहीं अशा गिऱ्हाइकाशीं दुकानदार कसा वागतो हें या प्रयोगानें दाखविलें. शेजाऱ्याशीं कसा वागतो हें त्यावरून कळत नाहीं. दुसरें असें कीं, भलतें निदान करणाऱ्यांपैकीं लबाड किती आणि अजाण किती, हें बाहेरून पाहणाऱ्यास कसें ठरवितां यावें? बिल दोघांचेंहि सारखेंच येतें. १९७३ सालीं मायकेल डार्बी व एडी कार्नी या अर्थशास्त्रज्ञांनीं या प्रकारास शास्त्रीय रूप दिलें. कांहीं सेवा अशा असतात कीं त्यांचा गुण विकत घेण्यापूर्वीं तर कळत नाहींच, पण घेतल्यावरहि खात्रीनें कळत नाहीं. तेथें गिऱ्हाईक केवळ विश्वासावर चालतें. त्यांनीं विचारासाठीं पुढें घेतलेलीं उदाहरणें दुरुस्तीच्या धंद्यांतलींच होतीं, हें लक्षांत घेण्याजोगें आहे.

कायद्यानें काय केलें? १८७२ च्या करार कायद्यांत ठेवीसंबंधीं कलमें आहेत. आपली वस्तु दुसऱ्याच्या हवालीं केली असतां सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तितकी काळजी त्यानें घ्यावी, असें १५१ वें कलम सांगतें. पण त्याच कायद्याचें १७० वें कलम कारागिराच्याहि बाजूस उभें राहतें: ज्यानें वस्तूवर श्रम व कौशल्य खर्चिलें त्यास, उलट करार नसेल तर, मजुरी मिळेपर्यंत ती अडवून ठेवतां येते. तेथील दृष्टांत हिऱ्यास पैलू पाडणाऱ्या जवाहिऱ्याचा आणि कोट शिवणाऱ्या शिंप्याचा आहे. मोटारीचा नाहीं, कारण मोटारीचा जन्मच अजून व्हावयाचा होता! पुढें गिऱ्हाइकांच्या संघटनेचा विचार महाराष्ट्रांतच मूळ धरून उठला. १९७४ सालीं बिंदुमाधव जोशी यांनीं पुण्यांत ग्राहक पंचायत स्थापिली. १९८६ सालीं ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्याच्या जागीं आलेला २०१९ चा कायदा जुलै २०२० मध्यें अमलांत आला, आणि सदोष दुरुस्तीनें हानि झाली तर सेवा देणारासहि जबाबदार धरण्याची तरतूद त्यांत आहे. हें सर्व इष्टच आहे. तरी न्यायमंचापुढें पुरावा लागतो. आणि विजेच्या बिघाडाचा पुरावा सांधा घट्ट केला कीं नाहींसा होतो.

यंत्रच आतां स्वतःची साक्ष देईल, अशी आशा मध्यंतरीं उत्पन्न झाली. अमेरिकेंत १९९६ पासून प्रत्येक नव्या मोटारींत दोषांची नोंद करणारी ठराविक व्यवस्था सक्तीची झाली. आपल्याकडेहि प्रदूषणाच्या नियमांबरोबर ती आली. मेस्त्री स्कॅनर जोडतो आणि पडद्यावर एक संकेतांक उमटतो. पण तो संकेतांक पुष्कळदां लक्षणच सांगतो, कारण सांगत नाहीं. दाब कमी आहे, एवढें कळतें. कां कमी आहे, हें शोधणें माणसाकडेच राहतें. त्यांतहि कित्येक गाड्यांची गुप्त माहिती कारखानदार आपल्या अधिकृत दुकानांपुरती राखून ठेवतात. अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स संस्थानानें २०१२ सालीं कायदा करून ही माहिती स्वतंत्र दुरुस्तीवाल्यांस खुली करावयास लाविली. भारत सरकारनेंहि २०२२ सालीं दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यास समिति नेमली. आजवर मालकास मेस्त्रीचा संशय येत असे. आतां मेस्त्रीसच यंत्र अपारदर्शक झालें आहे.

आतां माझ्या गाडीची उरलेली हकीकत सांगून टाकतों. शेवटीं आय. टी. आय. मध्यें शिकलेला एक तरुण आला. त्यानें कांहीं बदललें नाहीं. गाडी बंद करून, दारें लावून, बॅटरीच्या वाटेंत मीटर जोडला आणि एकेक फ्यूज काढून पाहूं लागला. अडीच तासांनीं त्यानें समोरचा लहान खण उघडला. त्यांतील दिव्याचें बटण अडकलें होतें. खण मिटला तरी दिवा आंत जळत राही. हिशेब सोपा आहे. ५ वॅटचा दिवा १२ व्होल्टच्या बॅटरींतून सुमारें ०.४ अँपिअर घेतो, म्हणजे दिवसास १० अँपिअर-तास. माझी बॅटरी ४५ अँपिअर-तासांची. ती साडेचार दिवसांत रिकामी होणार, आणि सेल्फ ओढण्याची ताकद त्याच्याहि आधीं जाणार. प्रत्येक दुरुस्तीनंतर बॅटरी भरलेली असे म्हणून गाडी चाले, आणि मी ती दारांत ठेवून पायीं कॉलेजांत जात असें म्हणून ती बंद पडे. रोज फिरविली असती तर हा दोष कदाचित् कळलाहि नसता.

मी मेस्त्रींकडे गेलों. दुकान बंद करण्याची वेळ होती. दुसरें कोणी नव्हतें. झालेलें सर्व सांगितलें. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें आणि म्हणाले, "सर, तवा बॅटरी पडलेलीच हुती, मीटर खालीच दाखवत हुता. ती चार्ज करून बघाय एक रात पायजे. तुमी तर दुपारच्या आत गाडी पायजे म्हनलासा." मी गप्प राहिलों. मग ते म्हणाले, "बदललेल्या मालाचं पैसं लोक देत्यात, सर. हुडकायचं कोन देतंय?"

त्या एका वाक्यानें माझ्या सर्व वाचनाला निराळें वळण दिलें. खरोखरच आपण शोधाची किंमत देत नाहीं. डॉक्टरनें कांहींहि औषध न देतां नुसतें तपासलें तरी आपण फी ठेवतों. वकिलानें नुसता सल्ला दिला तरी त्यास मेहनताना मिळतो. पण मेस्त्रीनें अडीच तास डोकें लढवून एक अडकलेलें बटण सोडविलें आणि त्याचे पैसे मागितले तर 'केलें काय एवढें?' हा प्रश्न आमच्याच तोंडीं प्रथम येतो. हातानें काम करणाराची बुद्धि ही बुद्धि म्हणून मोजण्याची आम्हां शिकलेल्या लोकांस संवय नाहीं. मग तो आपली मजुरी सुट्या भागाच्या पोटांत लपवितो, आणि तसें करतां करतां शोध घेण्याचेंच विसरतो. अज्ञान आणि लबाडी यांच्यामधली ही जी तिसरी वाट आहे ती आम्हीं गिऱ्हाइकांनींच पाडून दिली आहे. कारागीर सगळे साधु आहेत असें यावरून मी म्हणत नाहीं. कार्बन आणि रेग्युलेटर त्या दिवशीं खरोखर झिजले होते कीं नाहीं, हें मला आजहि माहीत नाहीं. विचारण्याचा धीर झाला नाहीं.

यापुढें मीं स्वतःपुरते तीन नियम केले आहेत. शोधण्याची मजुरी आधीं ठरवावयाची, मग कांहीं बदलावें लागो वा न लागो. काढलेला भाग परत मागावयाचा. आणि कामापूर्वींचें व कामानंतरचें मीटरचें माप बिलावर लिहून घ्यावयाचें. काम, काळ आणि प्रकार आधीं ठरवा असें जें कौटिल्यानें सांगितलें, त्याहून यांत फारसें नवें नाहीं. मेस्त्रींनीं हे तिन्ही नियम हंसत मान्य केले, आणि गाडी आजहि त्यांच्याचकडे जाते.

पण एक गोष्ट कोणत्याहि नियमांत बसत नाहीं. मी त्यांस बोललों तें चारचौघांच्या देखत, आणि क्षमा मागितली ती दुकान बंद झाल्यावर, कोणी नसतां. तीं दोन शिकाऊ पोरें अजून तेथेंच काम करतात. मी गेलों म्हणजे ती मजकडे पाहतात, आणि त्यांच्या धन्याविषयीं माझें शेवटचें उघड मत काय होतें, तें त्यांच्या लक्षांत आहे. तें बदललें आहे हें त्यांच्यासमोर मोठ्यानें सांगणें माझ्याकडे अद्याप बाकी आहे.